खळं

उदगीरच्या मोंढ्यात
भिजून काळी पडलेली हायब्रीड
आडत्यानं मुठीत घेतली, हुंगली,
परत ढिगावर टाकली.
"जनावरंबी तोंड लावणार न्हाईत हिला."
मी म्हटलं, पावशेर द्या.
तो हसला. पैसे घेतले नाहीत.

कागदाच्या पुडीतनं अशी ती कॉलेजात आली.
तिसऱ्या दिवशी प्लेटमधे पिंजलेल्या कापसासारखी,
पाचव्या दिवशी काजळी धरली तिनं,
कंदिलाच्या काचेवर धरते तशी.

बुरशीचं पोट अंगाबाहेर असतं.
आधी रस सोडायचा, समोरचं अन्न
जिथल्या तिथं विरघळवायचं,
मग ओढून घ्यायचं.
मला तो रस हवा होता.

साखर दिली, तर
नुसती फुगली, गुबगुबीत झाली,
थेंब सोडला नाही.
आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं
हिलाही येतं.
युरियावर रुसली.
मग साखर बंद. ज्वारीचा जाडाभरडा भरडा,
वर करडीची पेंड वाटून.
तेव्हा कुठं कामाला लागली बाई.

मोजायची रीत अशी:
स्टार्चच्या प्लेटला मधोमध भोक,
भोकात तिचा रस. रात्र जाऊ द्यायची.
सकाळी वरून आयोडीन ओतलं
की सगळी प्लेट निळीकाळी,
आणि रस पोचला तेवढ्यापुरता
भोकाभोवती गोल उजेड.
चंद्राला पडतं तसं खळं.
पाटोदेकर सर म्हणतात, झोन लिहा.
दोनदा खोडलंय त्यांनी.

मग क्षारांची पाळी.
चमच्यानं नाही, चिमटीनंही नाही,
काट्याच्या टोकावर राहील एवढंच.
तांब्यानं खळं आकसलं, नऊ मिलिमीटर.
जस्त ना हो म्हणालं ना नाही.
मँगनीजनं जरा पुढं सरकवलं.
पाऱ्याची प्लेट
मी खिडकीशी नेऊन उजेडाला धरली,
तिरपी केली, पुन्हा सरळ केली.
अमावस्या.

आणि एका सोमवारी
ज्यात काहीच घातलं नव्हतं त्या फ्लास्कनं
सव्वीस दाखवले.
मी पट्टी बदलली. सव्वीस.
काहीच न घालता काही वाढत नाही,
एवढं मला बारा वर्षांत कळलंय.
"बिरादार मामा, पाणी कुठलं घातलंत?"
मामा फ्लास्क घासत होते, थांबले नाहीत.
"डिस्टिलचं मिशन शनवारीच जळालं म्याडम.
बोरचं घातलं. फडक्यानं गाळून घातलं की."

महिन्याची मेहनत पाण्यात,
म्हणजे अक्षरशः पाण्यात.
मी बोलले त्यांना. जास्तच बोलले.

रात्री घरी डाळ शिजेना.
चार शिट्ट्या, सहा, आठ.
झाकण काढलं तर कुकरच्या तळाशी
पांढरा थर, नखानं खरवडला तरी न निघणारा.
साडेतीनशे फूट काळ्या पाषाणातनं
झिरपत आलेलं हे पाणी,
भांड्यांना, नळाच्या तोंडाला, बादलीच्या काठाला
चुना लावत आलेलं.
मामांचा खडा लातुरात दोनदा काढलाय.
तोच हा.
कॅल्शियम.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरच्या
बॅटरीच्या दुकानातनं शुद्ध पाण्याचा कॅन आणला.
एका फ्लास्कात नुसतं ते पाणी,
एकात काट्याच्या टोकाएवढं कॅल्शियम.
चौदा.
पंचवीस.

मामांना बोलावलं, प्लेट दाखवली.
माफी मागायची होती; निघालं ते असं,
"बघा, केवढं खळं पडलंय."
त्यांनी हात पुसले, प्लेट तळहातावर घेतली.
किती तरी वेळ बघत राहिले,
मग भोकावर बोट धरून म्हणाले,
"हितं मेढ व्हती म्हणा की."

हो, म्हटलं. तिथंच होती.

ते परत फ्लास्क घासायला गेले.
मी वही उघडली. झोन तसाच ठेवला,
सरांचं अक्षर आहे.
खाली फक्त एक ओळ घातली:
पाणी — बोरचं, गाळून. घालणार — मा. बिरादार.